आठवी विभक्ती

निवृत्त झाल्यावर मोटारघर घ्यायचं आणि सारा देश फिरायचा, असं आमचं लग्नाच्या वर्षापासून ठरलेलं होतं. त्याप्रमाणे हे निवृत्त झाले, मोटारघर आलं, मी त्याचं ‘बिऱ्हाड’ असं नावही ठेवलं आणि हौसेने आत पाहायला गेले, तर मागच्या खोलीत पलंगाच्या जागी पंखा! साधासुधा नव्हे. माणसाच्या उंचीचा, पोलादी पात्यांचा, गाडीच्या मागच्या भिंतीला बोल्टांनी आवळलेला.

“अहो, झोपायचं कुठे?” मी विचारलं.

“पुढे बाक आहे ना. उघडला की त्याचा पलंग होतो.”

“एका माणसाचा.”

“मग एकाने झोपायचं, एकाने ऐकायचं,” हे म्हणाले. चेहरा अगदी निरागस.

आमच्या यांचा सगळा जन्म ऐकण्यातच गेला. पाणबुड्यांचे आवाज ओळखणारी यंत्रं बनवणं हा त्यांचा व्यवसाय. समुद्राच्या तळाशी कुठेतरी फिरणारा पंखा त्यांना ऐकू यायचा, पण स्वयंपाकघरातून मारलेली हाक कधी म्हणून ऐकू आली नाही. हाक म्हणजे अर्थात ‘अहो’. यांचं नाव मी लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलेलं नाही. समोर असले की ‘अहो’, नसले की ‘हे’. सून हसते. “आई, दोन हजार बेचाळीस साल चालू आहे,” म्हणते. साल कुठलं का असेना, जिभेला पडलेलं वळण साल बघून बदलत नाही. बरं, तिच्या पिढीच्या मुली ‘आमच्या अहोंना सांगते’ असं सर्रास म्हणतात, ते मला जास्त खटकतं. मी तीस वर्षं शाळेत मराठी व्याकरण शिकवलंय, कान तयार झालाय.

तर पंखा. तो हत्तीशी बोलण्यासाठी होता.

हत्ती बोलतात त्यातलं बरंचसं आपल्याला ऐकूच येत नाही. आपला कान जिथे थांबतो त्याच्या खाली त्यांचा आवाज सुरू होतो. तो इतका खर्जातला असतो की डोंगरझाडी त्याला अडवू शकत नाही. हवेतून तो मैलोगणती जातो, जमिनीतूनही जातो आणि दूरचा हत्ती तो कानाने तर ऐकतोच, तळपायानेही ऐकतो. हत्ती एकमेकांना नावाने हाक मारत असावेत, अशी शंका अभ्यासकांना फार पूर्वीच आली होती. पुढे शिकणारी यंत्रं आली, त्यांनी लाखो हुंकार चाळले आणि शंकेची खात्री झाली. कोण बोललं, कुणाशी बोललं, कुणाबद्दल बोललं, एवढं यंत्र सांगू लागलं. अडचण उरली ती उलट बोलण्याची. इतका खालचा सूर साध्या कर्ण्यातून निघत नाही. त्यासाठी हा पंखा. त्याची पाती फिरता फिरता थरथरत वळतात आणि हवेलाच पुढे-मागे ढकलतात. म्हणजे अख्खी खोली फुप्फुसासारखी श्वास घेते. आमची झोपायची खोली!

आमच्या देशभर फिरण्याची सुरुवात त्यामुळे सिंधुदुर्गातल्या वायंगणवाडीला झाली.

तिलारीच्या खोऱ्यात त्या वेळी एकच हत्ती उरला होता. वीसेक वर्षांपूर्वी एक हत्तीण कर्नाटकातल्या जंगलातून घाट उतरून इकडे आली. तिच्यामागून एक म्हातारा सुळेवाला आला. हत्तिणीला इथेच पिल्लू झालं. गावकरी हत्तिणीला ‘आवस’ म्हणायचे, म्हणजे आई, आणि पिल्लाला ‘बाबलो’. हे सुट्ट्यांत ज्या हत्ती-अभ्यासकांबरोबर काम करायचे, त्यांच्या गटाने खोऱ्यात जागोजागी जमिनीत ऐकणारी यंत्रं पुरून ठेवली होती, त्यांत या तिघांचं वर्षानुवर्षांचं बोलणं साठलेलं होतं. मग सुळेवाला कुठेतरी निघून गेला. गेल्या वर्षी आवस एका जुन्या चिरेखाणीत पडून मेली. बाबलो वयाने अजून पोरच, एकटा पडला आणि सैरभैर होऊन माडा-पोफळींच्या बागा उलथत सुटला. एका म्हातारीच्या अंगावर भिंत पडली, ती थोडक्यात वाचली. त्यावर वरून हुकूम आला की, पावसाआधी बाबलोला बेशुद्ध करून पकडायचं आणि छावणीत साखळीला बांधायचं. जन्मभर.

यांनी वनखात्याकडून थोडी मुदत मागून घेतली. बाबलोला नावाने हाक मारत मारत घाट चढवून न्यायचं आणि आवशीच्या मूळ कळपाच्या हवाली करायचं, अशी यांची योजना. हाक कुठली, तर आवशीने त्याला सर्वांत जास्त वेळा मारलेली. यंत्राने तीच निवडली होती, आवशीच्याच आवाजातली.

पहिली हाक मारली तेव्हा संध्याकाळ होती आणि मी चहा गाळत होते. वनरक्षक पेडणेकर दारात बसला होता. यांनी कळ दाबली. मला काहीही ऐकू आलं नाही. पण फळीवरच्या ताटल्या किणकिणू लागल्या, कपातल्या चहावर बारीक गोल वलयं उठली आणि माझ्या छातीत, अगदी बरगड्यांच्या आत, कुणीतरी फार मोठं मांजर गुरगुरल्यासारखं झालं. डोळ्यांत एकदम पाणी आलं. का आलं ते सांगता येत नाही. देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना होतं तसं काहीतरी झालं. हे शब्द आपल्या भोवताली, आपल्या अंगातून आरपार जात होते आणि आपल्याला त्यांचा पत्ता नव्हता!

“वयनी, हलू नका,” पेडणेकर कुजबुजला. “इलो.”

पोफळींच्या मागून तो आला. पळतच आला. एवढं धूड, पण पावलांचा आवाज नाही. बिऱ्हाडाच्या मागच्या भिंतीपाशी येऊन थांबला, सोंड उचलून पत्र्यावरून फिरवली.

“बघितलंस गो? नावाने हाक मारली नि आला!” हे माझा दंड धरून म्हणत होते. सुखाने त्यांचा आवाज चढला होता. अशा वेळी यांच्यातलं केळुसगावचं पोर बाहेर येतं. “आजवर माणसाने हत्तीला हाकललं, बांधलं. बोलावलं कुणी नव्हतं!”

मीही भारावलेच होते. पण बाबलोकडे बघता बघता माझा आनंद कुठेतरी अडखळला. तो पत्रा हुंगत होता, मग गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, परत आला. मग गुडघे वाकवून त्याने सोंड गाडीच्या खाली घातली आणि तिथे चाचपडत राहिला.

“काय करतोय हा?” मी विचारलं.

पेडणेकरने टोपी काढून हातात घेतली. “आवशीक सोधता,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून आमची वरात निघाली. पुढे बिऱ्हाड, मागे अंतर राखून पेडणेकरची जीप आणि रस्त्याला समांतर झाडीतून बाबलो. हे सकाळ-संध्याकाळ हाक मारायचे, तो यायचा. तिलारीचा घाट म्हणजे सरळ भिंतच, त्यात पोटात पोलादी पंखा घेतलेली आमची गाडी. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता मागे घरंगळणार. मी अथर्वशीर्ष म्हणत होते आणि हे आरशात मागे बघत होते. रस्त्याकडे बघा म्हटलं, तर म्हणाले, रस्ता कुठे पळून जातोय.

वाटेत एका वळणावर बाबलो रस्त्यावर आला. उन्हात उभा राहिला, मातीने लाल झालेला. त्याच्या पापण्यांचे केस मला दिसत होते. एवढा मोठा जीव एका शब्दाच्या मागे डोंगर चढतोय, या विचाराने माझे हात जोडले गेले. पण त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. तो धड खात नव्हता. मुक्कामाला पोचलो की आधी गाडीभोवती फेऱ्या, मग गाडीखाली सोंड.

घाटमाथ्यावर चंदगडच्या अलीकडे मुक्काम पडला. दुपारी हे गाडीखाली काहीतरी आवळत बसले होते. मला करमेना, म्हणून मी कानाला यंत्र लावून जुन्या हाका ऐकत बसले. आपल्याला ऐकू याव्यात म्हणून त्या वरच्या सुरात चढवलेल्या असतात. पडद्यावर प्रत्येकीखाली लिहिलेलं येतं, कोण बोललं, कुणाशी, आणि ज्याच्याबद्दल बोललं तो जवळ होता की नाही.

आवशीची ती हाक ओळखीची झाली होती, लांब आणि मध्ये दुमड असलेली. पण म्हातारा सुळेवाला बाबलोला वेगळंच काही म्हणायचा. तुटक, दोन ठोक्यांचं. यंत्राने त्याला ‘चूक’ म्हणून बाजूला टाकलं होतं. मला शिक्षिकेची खोड, ‘चूक’ शब्द दिसला की वही उघडून बघायचीच. मी ती दोन ठोक्यांची हाक शोधत गेले, तर ती आवशीच्या तोंडीही सापडली! बाबलो दूर कुठे भटकत असला आणि ती सुळेवाल्याशी बोलत असली की ती हेच दोन ठोके म्हणायची. आणि बाबलो समोर आला की लगेच ती लांबलचक, दुमडीची हाक. ही दुमडीची हाक बाबलो नसताना तिने एकदाही उच्चारलेली नव्हती.

कानाचं यंत्र काढायचंही भान राहिलं नाही. मी तशीच खाली उतरले.

“अहो, बाहेर या. ते त्याचं नाव नाहीये.”

“कशाचं काय?” गाडीखालून आवाज आला.

“तुम्ही ज्याला नाव समजताय ते नाव नाही. नाव ते दोन ठोक्यांचं. ते सगळे म्हणतात, तो नसतानाही म्हणतात. नावाला सगळ्या विभक्ती चालतात हो! याला, याने, याचं. पण ही हाक फक्त आठवीत आहे. संबोधन. आवशीने त्याच्याकडे तोंड करून म्हणायचं, बस्स. दुसऱ्या कुणी नाही. आपल्याकडे ‘सोन्या’ म्हणतात तसं.” मग मला धाप लागली. “मी तुम्हाला ‘अहो’ म्हणते तसं.”

हे बाहेर आले. हाताला काळं लागलेलं. ते विजारीलाच पुसलं. मग हळूच म्हणाले, “हत्तीला संबोधन आहे? चारू, हे कुणालाच ठाऊक नाही. जगात कुणालाच नाही.”

त्यांचे डोळे चमकत होते, माझेही चमकत असणार. ज्या प्राण्याला आपण ओंडके ओढायला लावले, त्याच्यापाशी नाव वेगळं आणि लाडाची हाक वेगळी, असा नाजूक फरक होता. त्या रानात आम्ही दोघं म्हातारी माणसं लहान पोरांसारखी एकमेकांकडे बघत उभी होतो.

मग मी म्हटलं, “उद्या मी मेले आणि कुणी माझ्या आवाजात ‘अहो’ म्हणून तुम्हाला डोंगर चढायला लावला, तर?”

यांचा चेहरा उतरला.

संध्याकाळी यांनी ती हाक मारलीच नाही. त्याऐवजी यंत्राकडून एक परका आवाज तयार करून घेतला आणि त्या आवाजात बाबलोचं खरं नाव उच्चारलं, दोन ठोके. बाबलोने कान उभारले, ऐकलं, आणि पाठ फिरवून घाटाच्या दिशेने उतरू लागला. परक्या माणसाने नावाने हाक मारली तर कोण जातं? पेडणेकर जीपमधून धावत आला. “साहेब, खाली ग्येलो तर हातचो ग्येलो! थंय भुलीची बंदूक घेऊन माणसां बसली हत.”

यांनी माझ्याकडे बघितलं. “साखळी की खोटं? तू सांग.”

 व्याकरण शिकवणं सोपं असतं. शेवटी मीच ‘खोटं’ म्हटलं, यांनी कळ दाबली, ताटल्या किणकिणल्या आणि बाबलो धावत वर आला. गाडीखाली सोंड घालून चाचपडू लागला. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

पुढचे दिवस आम्ही फारसं बोललो नाही. आणि एक विचित्रच गोष्ट झाली. माझ्या तोंडून ‘अहो’ निघेना. शब्द ओठावर आला की तो आपला राहिलेला नाही असं वाटायचं. मी ‘जेवायला वाढलंय’, ‘दिवा मालवायचा का’, असं भिंतीला सांगावं तसं बोलायची. यांना ते लागत होतं. एका सकाळी पेलाभर दूध माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “माझं नाव घेतलंस तरी चालेल, पण काहीतरी म्हण.” मला हसू आलं, आणि वाईटही फार वाटलं.

“सरहद्दीवर पोचलो की यंत्र बंद करायचं,” मी म्हटलं. “तिथून पुढे त्याला फसवायचं नाही. कबूल करा, मग म्हणते.”

“तो परत फिरला तर?”

“तर फिरला.”

हे उठून खिडकीतून बाबलोकडे बघत राहिले. यंत्र हत्तीला थेट कळपापर्यंत नेतं, हे सिद्ध करायला यांनी आयुष्यातली शेवटची उमेद लावली होती, ते मला माहीत होतं. “कबूल,” हे म्हणाले.

सरहद्दीवरचा सडा म्हणजे उघडं, काळ्या-तांबड्या खडकाचं पठार. रस्ता तिथेच संपतो आणि खाली दरीत कर्नाटकातलं दाट जंगल पसरलेलं. आम्ही पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं, दरीत धुकं होतं. जमिनीत ऐकणारं यंत्र रोवल्याबरोबर पडद्यावर रेषा नाचू लागल्या. खाली कळप होता, आणि त्यांच्या गप्पा चालल्या होत्या.

बाबलो बिऱ्हाडाला टेकून उभा होता. कळपाचे आवाज त्याच्या पायांना कळत असणारच, पण तो जागचा हलत नव्हता. त्याची आई आमच्या गाडीत होती ना!

यांनी पंखा बंद केला. नुसता बंद नाही केला, त्याची वायरच उपटून माझ्या हातात दिली.

आम्ही वाट पाहिली. ऊन चढू लागलं. बाबलोने पत्र्यावरून सोंड फिरवली, एकदा, दोनदा. मग तो गाडीपासून दूर झाला आणि ज्या रस्त्याने आलो त्या रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. पेडणेकरने डोळे मिटून घेतले. 

आणि बाबलो बोलला.

हे मी अंगाने ऐकलं. पायाखालचा खडक थरथरला. पडद्यावर यंत्राने एकच शब्द लिहिला: ‘आवस’. ही संबोधनाची हाक नव्हती. सुळेवाला तिला ज्या नावाने ओळखायचा ते तिचं नाव होतं. तिची हाक थांबल्यावर पोराने आईचं नाव घेतलं होतं. गर्दीत चुकलेलं मूल शेवटी आईचं नाव सांगतं ना, तसं.

खालच्या साऱ्या रेषा एकदम थांबल्या. अख्खा कळप गप्प झाला.

मग दरीतून उत्तर आलं. पडदा म्हणाला: ‘आवस’. दुसऱ्या आवाजात, म्हाताऱ्या. पुन्हा ‘आवस’, तिसऱ्या आवाजात. मग सगळीकडून तेच नाव. ‘आवस, आवस, आवस.’ वीस वर्षं तिचं नाव त्या जंगलात कुणी ऐकलं नव्हतं आणि कुणी विसरलंही नव्हतं. मी यांचा हात धरला होता, की यांनी माझा, ते आठवत नाही. बिऱ्हाडातली एकन् एक ताटली वाजत होती. “अहो,” मी म्हटलं, “अहो, ऐका!” आणि हे माझ्याकडे बघून रडत हसत होते.

झाडी हलली. एक म्हातारी हत्तीण बाहेर आली, फाटक्या कानांची, तिच्यामागून बाकीच्या, पिल्लंही. धावत येऊन त्या सड्याच्या पायथ्याशी थांबल्या. बाबलो आणि त्यांच्यामध्ये एवढासा उतार उरला. म्हातारीने बाबलोकडे बघितलं, मग त्याच्या मागे, आमच्या गाडीकडे. सोंड उंच करून वास घेतला आणि पुन्हा ते नाव घेतलं. मग वाट बघत राहिली.

त्या तिच्यासाठी आल्या होत्या.

“साहेब,” पेडणेकर रडवेल्या आवाजात म्हणाला, “एकदा वाजवा तिचो आवाज. एकदाच. बरा वाटात त्येंका. इतके धावत इली ती.”

यांनी माझ्या हातातल्या वायरीकडे बघितलं. आमच्याकडे आवशीचा आवाज होता, अगदी खराखुरा, आणि तो ऐकायला तिची बहीण म्हणा की मैत्रीण, खाली उभी होती. मी वायर पुढे केली. ती जोडायची की नाही हे त्यांनी ठरवावं, असं मला वाटलं. यांनी ती घेतली, गुंडाळली आणि खिशात टाकली.

कुणीच काही बोललं नाही, सड्यावर नाही आणि दरीतही नाही. पडद्यावरच्या रेषा सपाट पडून राहिल्या. म्हातारी ऐकत होती. आम्ही दिलेली शांतता तिने शेवटपर्यंत ऐकली. मग तिचं डोकं हळूहळू खाली गेलं.

बाबलो उतार उतरला. म्हातारीने सोंडेचं टोक त्याच्या तोंडात घातलं, हत्ती एकमेकांची ओळख पटवताना घालतात तसं, आणि त्याला तसंच जवळ धरून ठेवलं. बाकीच्या भोवताली गोळा झाल्या. आणि तिने त्याच्यापुरता एक हुंकार काढला, लांब, पण आवशीच्या हाकेसारखा नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘नवे संबोधन’.

हत्ती एखाद्याची नवी हाक ठरवताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. सारं जग तो आवाज घ्यायला धावलं असतं. यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि तो आवाज पुसून टाकला. मग आवशीचा साठा उघडला. तिथे मात्र त्यांचं बोट थांबलं.

“सगळा पुरावा यात आहे, चारू. याची दुसरी प्रत नाही.”

“हो. हे असेपर्यंत त्याला कुणीही बोलावू शकेल.”

पेडणेकर दुसरीकडे बघू लागला. यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि आवशीच्या हाका एकेक करून पुसत गेले. शेवटचीही पुसली. मग माझ्या खांद्याला धरून उभे राहिले.

कळप परत फिरला. बाबलो त्यांच्या मधोमध चालत होता, एक पिल्लू त्याच्या पायात येत होतं. इतके दिवस तो आमच्या गाडीवरून नजर काढत नव्हता. झाडीत शिरताना त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि ते बघून मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच खडकावर बसून रडले.